खिळ्यांच्या खणापासून शोधमार्गापर्यंत : लिनक्सवरील मराठी अक्षरजुळणीचा इतिहास

प्रस्तावना

मराठी मुद्रणाचा इतिहास बहुधा छापखाने, संपादक व प्रकाशक यांच्या अंगाने लिहिला जातो. जुळणी करणाऱ्याला हवे ते अक्षर नेमके कोठे सापडते, हा प्रश्न त्यात दुय्यम ठरतो. लिनक्स संगणकावर 'टेक' ही अक्षरजुळणी प्रणाली बसविताना येणारी 'पाथ' म्हणजे शोधमार्गाची अडचण हे त्याच प्रश्नाचे आजचे रूप होय. प्रस्तुत लेखात या अडचणीची ऐतिहासिक कारणे व तिच्या निराकरणाची रीत यांचा विचार केला आहे.

खिळ्यांचा काळ

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापले. १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढला. देवनागरीची जोडाक्षरे, मात्रा व वेलांट्या यांसाठी शेकडो खिळे लागत. प्रत्येक खिळ्याचा खण ठरलेला असे आणि सरावलेल्या जुळाऱ्याचा हात न पाहता त्याकडे जाई. खिळा भलत्या खणात पडला की चुकीचे अक्षर छापले जाई. दोष खिळ्याचा नसे, मांडणीचा असे.

टेक आणि लिनक्स : दोन व्यवस्था

आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधानी झालेले स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये टेकची आखणी सुरू केली. १९९१ मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थुइस यांनी टेकसाठी देवनागरी अक्षरसंच सिद्ध केला. त्याच वर्षी लिनक्सचा जन्म झाला व युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली.

लिनक्सने युनिक्सची परंपरा स्वीकारली. आज्ञा कोणकोणत्या फोल्डरांत व कोणत्या क्रमाने शोधायची याची यादी ठेवण्याची पद्धत १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीतील बोर्न शेलमुळे रूढ झाली. ही यादी म्हणजेच पाथ. पुढे १९९४ मध्ये लिनक्सच्या फोल्डर-रचनेचे प्रमाण ठरू लागले. टेकच्या हजारो फायलींसाठी मात्र टेक वापरणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वतंत्र रचना आखली. १९९६ पासून निघणारा 'टेक लाइव्ह' हा संच या दुसऱ्या रचनेवर उभा आहे. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी सुसंगत आहेत; अडचण त्यांच्या सांध्यावर उद्भवते.

अडचण व निराकरण

लिनक्स वितरणाने पुरविलेली टेकची प्रत 'यूएसआर' मधील 'बिन' या फोल्डरात असते. मूळ संच स्वतः उतरवून घेतल्यास तो 'यूएसआर-लोकल' खाली वर्षाच्या नावाच्या फोल्डरात बसतो. बसविणारा प्रोग्राम सहसा पाथ बदलत नाही. शेवटी केवळ सूचना देतो. ती दुर्लक्षिली गेली की 'आज्ञा सापडली नाही' असा संदेश येतो, किंवा त्याहून फसवे म्हणजे जुनीच प्रत मुकाट्याने चालते. 'व्हिच' ही आज्ञा दिल्यास कोणती प्रत चालत आहे ते कळते. नव्या संचाचे फोल्डर प्रोफाइल फायलीतील यादीच्या आरंभी लिहावे आणि पुन्हा लॉग-इन करावे. पुढील वर्षी नवा संच बसविल्यावर त्या ओळीतील वर्षही बदलावे लागते. बहुतेकांचा विसर येथेच पडतो.

मराठीसाठी आणखी एक शोधमार्ग आहे. जोनाथन क्यू यांचे 'झीटेक' २००४ मध्ये प्रथम मॅकवर व २००६ मध्ये लिनक्सवर आले आणि युनिकोड मराठी मजकूर थेट जुळविणे शक्य झाले. परंतु झीटेक नावाने मागितलेला फाँट लिनक्सच्या फाँट-यादीत शोधते, तर शैलीच्या फायली टेकच्या स्वतःच्या सूचीतून येतात. नवा फाँट टाकल्यावर पहिली यादी व नवी शैली-फाइल सामायिक फोल्डरात टाकल्यावर दुसरी सूची ताजी करावी लागते. एकच यादी ताजी करून दुसरीच्या दोषाचा शोध घेण्यात पुष्कळ श्रम वाया जातात.

निष्कर्ष

युनिकोडपूर्व खासगी संकेतांच्या फाँटमध्ये टंकलिखित झालेले मराठी लेखन, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखे दिसते. ज्ञान टिकले, पण वाचता येईना, अशी ही स्थिती आहे. युनिकोड मजकूर व मुक्त जुळणी-प्रणाली हा त्यावरील उपाय असला, तरी तो पाथच्या एका ओळीपाशी अडू शकतो. नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात प्राध्यापकाच्या हाताशी जुळारी नाही. लेखक व जुळारी ही दोन्ही कामे त्याच्याकडेच आली आहेत. म्हणून संच कोणत्या वर्षाचा, तो कोणत्या फोल्डरात व पाथची ओळ कोणती, एवढी नोंद महाविद्यालयाच्या संगणक-कक्षाच्या वहीत असणे उचित ठरेल. छापखान्यात खणांची मांडणी एका जुळाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात असे. संगणक-कक्षात ते काम या नोंदीने साधेल.