माठातलं पाणी गार का होतं? खुल्या प्रणालीतला ऊर्जेचा हिशेब

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दुपारी ओसरीवरच्या झाकणबंद स्टीलच्या डब्यातलं पाणी तापतं, शेजारच्या माठातलं मात्र गार राहतं. हवा तीच, पाणीही तेच. फरक एवढाच, की माठाच्या अंगातून पाणी पाझरून उडून जातं, डब्यातून जात नाही.

उष्मागतिकीच्या भाषेत डबा ही बंद प्रणाली: उष्णता ये-जा करते, पदार्थ नाही. माठ ही खुली प्रणाली. तिच्यातून बाहेर पडणारा पदार्थ आपल्यासोबत ऊर्जाही नेतो. म्हणून इथे उष्णता आणि कार्य या दोन खात्यांना तिसरं खातं जोडावं लागतं, पदार्थाबरोबर आल्या-गेल्या ऊर्जेचं.

हे खातं लहान नाही. १ लिटर पाणी उडायला सुमारे २,४०० किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे विजेच्या मीटरवरचं दोन तृतीयांश युनिट. १० लिटरच्या माठातून १५० मिलिलिटर पाणी उडालं आणि ती सगळी ऊर्जा आतल्या पाण्यातूनच गेली, तर उरलेलं पाणी जवळपास ९ अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बाहेरची हवा उष्णता देत राहते, त्यामुळे पाणी जास्त खर्च होतं. छिद्रं क्षारांनी बुजली किंवा हौसेने माठाला ऑइल पेंट फासला, की माठाचा डबा होतो.

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातले शीतकरण मनोरेही याच तत्त्वावर चालतात.

खरी चूक होते ती कूलरच्या बाबतीत. एसीसारखी खोली बंद करून कूलर लावणारे बरेच. पण एसी उष्णता घराबाहेर फेकतो. कूलर ती फेकत नाही, हवेतली उष्णता वाफेत दडवतो. ती वाफ खोलीतच कोंडली तर हवा दमट होते, पॅडवरचं पाणी उडेनासं होतं आणि अंगावरचा घामही वाळत नाही. हे धोक्याचं आहे, कारण माणसाचं शरीरही खुली प्रणालीच. हवा शरीराहून गरम असते तेव्हा घाम उडणं हाच उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग उरतो. म्हणून कूलर खिडकीत, पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे, आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी.

मृगाचा पाऊस पडला की बाहेरची हवाच दमट होते. मग सगळ्या खिडक्या उघडल्या तरी कूलर नुसता पंखा उरतो.