आबालाल रहिमान

रहिमान, आबालाल : (सु. १८५६ – २८ डिसेंबर १९३१). कोल्हापूरच्या नदी-तळ्यांचे निसर्गचित्रकार. मूळ नाव अब्दुल अझीझ. जन्मसाल काही ठिकाणी १८६० असेही दिलेले आढळते. कुराणाची हस्तलिखिते तयार करून ती सजवणे हा घराण्याचा व्यवसाय; हाताला नाजूकपणा आला तो तिथूनच. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीने त्यांची चित्रे पाहिली आणि तिच्या खटपटीमुळे ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले. त्यांची विद्यार्थिदशेतील रेखाटने जे. जे.ने जपून ठेवली आहेत.

पदक मिळवणाऱ्याला मुंबईत व्यक्तिचित्रांची कामे सहज मिळाली असती. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिले. कोल्हापूर संस्थानचे राजे शाहू छत्रपती यांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. दरबारासाठी त्यांनी शिकारीचे प्रसंग रंगवले. त्यांचे मन रमले ते पाण्याकाठी. पंचगंगा नदीचा घाट, रंकाळा तलाव, त्यातला अर्धा पाण्यात बुडालेला संध्यामठ आणि दाराशीच असलेले कोटितीर्थ ही त्यांची ठरलेली ठिकाणे. तीच जागा ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवत. जलरंगात पाणी दाखवण्यासाठी लाटा कोरत बसण्याची त्यांना गरज पडली नाही. दगडी पायऱ्यांची सावली आणि आभाळाचा रंग यांच्या मेळातून ते पाणी उभे करत. काही चित्रांत रंगांचे सुटे ठिपके शेजारी शेजारी येतात. त्यामुळे समीक्षक फ्रेंच दृक्‌प्रत्ययवाद्यांची (इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची) आठवण काढतात. पण त्यांची नजर घडली ती कोल्हापूरच्या उन्हातच, परदेशी नव्हे.

१९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे सांगतात. बुडवलेल्या चित्रांचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात आणि ते तपासायला साधन नाही. या कथेने त्यांच्या विक्षिप्तपणाची ख्याती वाढवली. चित्रांचा अभ्यास मात्र मागे राहिला.

बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी या चित्रकारांच्या पिढीने त्यांना गुरुस्थानी मानले. कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाच्या परंपरेचा आरंभ त्यांच्यापासूनच धरावा लागतो. त्यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहायला मिळतात.