जळगाव-धुळ्यातली किशोरवयीन मुलं मानसोपचार घ्यायला का टाळतात?

दहावीतली मुलगी. दोन महिन्यांपासून तिला नीट झोप नाही, जेवणावरची वासना उडालीय, वर्गात लक्ष नाही. घरच्यांनी तिला दवाखान्यात नेलं नाही का? नेलं. डोकं दुखतं म्हणून गोळ्या आणल्या, डोळे तपासले, रक्त तपासलं, अशक्तपणा असेल म्हणून सलाईन लावली. फक्त मानसोपचारतज्ज्ञांकडे तेवढं नेलं नाही. यावल असो की शिंदखेडा, अशी गोष्ट थोड्याफार फरकाने अनेक घरांत सापडेल.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या साधारण 7 टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. 12 राज्यांच्या या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, पण खानदेशाच्या शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते. युनिसेफच्या 2021 च्या अहवालातला आकडा जास्त बोलका आहे. मानसिक त्रासात मदत घेणं चांगलं, असं भारतातल्या 15 ते 24 वयाच्या फक्त 41 टक्के तरुणांना वाटत होतं. 21 देशांची सरासरी 83 टक्के होती.

'येरवड्याला पाठवू का?'

ही धमकी आपण सगळ्यांनी गमतीत ऐकलेली आहे. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. खानदेशात एकही नाही. त्यामुळे इथे मानसिक आजार म्हटलं की लांब कुठेतरी 'पाठवून दिलेला' माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात बहुतेक रुग्ण ओपीडीत दाखवून त्याच दिवशी घरी जातात.

जायचं तरी कसं?

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. मुलांना समजतच नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण चोपड्याच्या किंवा साक्रीच्या एखाद्या खेड्यातल्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर एसटीचं भाडं हवं, शाळा बुडवायला कारण हवं आणि सोबत कुणीतरी मोठं हवं. म्हणजे आधी घरी सांगणं आलं. आणि बऱ्याचदा घरीच तर बोलता येत नसतं! सांगितलंच तर 'अभ्यास नको म्हणून नाटकं' किंवा 'बाहेरचं काही असेल, भगताला दाखवू' हे ऐकावं लागण्याची भीती.

तिथून पुढे रांग. केसपेपर काढताना विभागाचं नाव मोठ्याने विचारलं जातं आणि मागे गावातलंच कुणीतरी उभं असू शकतं. मुलींच्या बाबतीत घरचे थेट सोयरिकीचा विचार करतात. मुलगा असेल तर 'पोरगं असून रडतो?' एवढं पुरतं. मग त्याचा त्रास चिडचिड, मारामारी किंवा गुटख्यातून बाहेर पडतो आणि त्याला कुणी आजार म्हणत नाही.

डॉक्टर घरी सांगतील का?

ही भीती अगदीच निराधार नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. मात्र 18 वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालक हेच त्यांचे प्रतिनिधी असतात. उपचारांना त्यांची संमती लागते आणि त्यासाठी गरजेची माहिती त्यांना दिली जाऊ शकते. शाळेला किंवा नातेवाइकांना ती मागण्याचा हक्क नाही. जिवाला धोका असेल, तर डॉक्टर गप्प बसणार नाहीत. काय घरी सांगणार आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारता येतं.

ॲडमिट करून टाकतील, हीसुद्धा एक भीती. हाच कायदा लहान मुलांना फक्त अपवादात्मक परिस्थितीत दाखल करू देतो. तेव्हाही त्यांना मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सोबत राहते.

आणि गोळ्या? प्रत्येकाला लागत नाहीत. सौम्य त्रासात सुरुवात बहुधा बोलण्यातून, समुपदेशनातून होते. नैराश्यावरची नेहमीची औषधं म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचं व्यसन लागत नाही. फक्त ती मनाने अचानक बंद करायची नसतात.

मग सुरुवात कुठून?

जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. तिथवर पोहोचणं जमत नसेल तर टेलिमानस: 14416. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली ही हेल्पलाइन मोफत आहे, 24 तास चालते आणि मराठीत बोलता येतं. दोन खोल्यांच्या घरात, सगळ्यांत मिळून एकच मोबाइल असताना तो फोन करणंही सोपं नाही, हे खरं. घरात शक्य नसेल तर विश्वासातल्या शिक्षिकेच्या, मावशीच्या किंवा आशाताईंच्या फोनवरून करा. मरण्याचे विचार येत असतील तर थांबू नका. जवळच्या माणसाला लगेच सांगा आणि सरळ जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. तिथे जायला ओपीडीच्या वेळेची वाट पाहावी लागत नाही.