तळटीप : बाभळीचे लाकूड

परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या काळ्या रानात गावच्या सुताराचा पहिला भरवसा बाभळीवर. बैलगाडीच्या चाकाचे आरे, तिफण, वखर, कुऱ्हाडीचा दांडा, सगळे हिचेच. तांबूस-तपकिरी गाभा कठीण आणि चिवट. बाहेरचे पांढरट लाकूड मात्र भुंगेरे पोखरतात. म्हणून जाणता सुतार ते तासून टाकी, ओंडके पाण्यात मुरवी.

रामकाठी हा तिचाच सरळसोट वाढणारा प्रकार. सावली कमी, त्यामुळे पीक दबत नाही. बांधावर राखावी ती हीच.

उत्तर अमेरिकेतली रॉबिनिया हीही शेंगांच्याच कुळातली, काटेरी. तिचे कुंपणाचे खांब मातीत अनेक दशके टिकतात. नदीकाठी, पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ या दोघींहून निराळी, प्रोसोपिस प्रजातीतली.