ख्रिस्ती गाण्याचा रांगडा सूर : मुंबईचा ढोल, नगरचे कीर्तन

१९ सप्टेंबर १८८२. मुंबई बंदरात चार ख्रिस्ती प्रचारक उतरले. अंगावर देशी पोशाख, सोबत ढोल आणि बिगुल. मुक्तिफौजेची, म्हणजे साल्व्हेशन आर्मीची, ही भारतातील पहिली तुकडी. तिचा प्रमुख फ्रेडरिक टकर पंजाबातील सनदी नोकरी सोडून आला होता. पुढे तो फकीरसिंग या नावाने वावरू लागला. वाद्ये वाजवीत रस्त्यावरून मिरवणुका काढल्याबद्दल पोलिसांनी या मंडळींना पकडले, खटले भरले आणि १८८३ मध्ये टकरला तुरुंगवास घडला. त्यांच्या बाजूने आवाज उठवणाऱ्यांत ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन होते, हे विशेष. ख्रिस्ती राजाच्या राज्यात ख्रिस्ताचे गाणे गाणाऱ्यांना कोठडी! तेच स्तोत्र चर्चमध्ये ऑर्गनवर म्हटले असते, तर कोणाची हरकत नव्हती.

१९६९ साली अमेरिकेत लॅरी नॉर्मनचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम आला. ख्रिस्ती रॉकच्या आरंभीच्या अल्बममध्ये त्याची गणना होते. तेव्हाही अनेक चर्चांचा आक्षेप शब्दांपेक्षा गिटार आणि ड्रमवर अधिक होता. आज एखादा ख्रिस्ती बँड स्टुडिओतली चकाकी उतरवून रांगड्या आवाजात नवा अल्बम काढतो, तेव्हा त्याच वादाची पुढची फेरी सुरू होते. मराठीत मात्र हा वाद विजेच्या गिटारीहून कितीतरी जुना आहे.

त्याची सुरुवात गोव्यात सापडते. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. बायबलची कथा, पण घाट पुराणाचा आणि छंद ओवीचा. नवख्रिस्ती लोकांची पुराण ऐकण्याची सवय न मोडता कथा बदलावी, असा हा विचार होता. पुढच्या शतकात वारे फिरले. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती लग्नांतील देशी चालीरीतींवर जी बंधने आली, त्यांत देशी वाद्येही होती. म्हणजे एका पिढीने भक्तीसाठी वापरलेला सूर दुसऱ्या पिढीला संशयास्पद वाटू लागला.

आता घाटावर येऊ. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले. उपासनेत इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे म्हटली जात, चाली मूळच्याच. इथे एक तांत्रिक अडचण होती. इंग्रजी पद्य शब्दातील आघातावर चालते. मराठी वृत्ते लघु-गुरूच्या मोजणीवर उभी असतात. परकी चाल मराठी शब्दांवर चढवली की ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, दीर्घ आखडते आणि शब्द ओळखूच येत नाही. अभंगाची रचना याउलट. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे मोजली की झाले. लघु-गुरूचा जाच नाही. ज्याला अक्षरओळख नाही, तोही दुसऱ्या फेरीला साथ धरतो.

१८६० च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा प्रयोग सुरू केला. कृष्णराव सांगळे हे त्यातले अग्रणी नाव. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान हा साचा तसाच राहिला. आख्यान मात्र बायबलमधले.

या प्रवाहाला मोठा कवी मिळाला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या रूपाने. जन्म १८६१, कोकणातील करजगाव. बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत. नंतरची कर्मभूमी नगर. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती आणि ‘अभंगांजली’त ती उघड दिसते. मराठी चर्चांच्या ‘उपासना संगीता’त त्यांच्या पदांचा वाटा मोठा आहे. टाळ, मृदंग आणि एकतारी यांना उपासनेत जागा मिळण्याचे श्रेयही बरेचसे त्यांचे.

मात्र टिळकांच्या गौरवात एक गोष्ट नेहमी निसटते. नगरच्या ख्रिस्ती समाजात बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. टिळक ब्राह्मण. त्यांच्यासाठी अभंगाकडे वळणे म्हणजे सोडून आलेल्या घराची आठवण. समोर बसलेल्यांसाठी तोच टाळ काय सांगत होता? चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी आहे, आत नाही. आणि अस्पृश्यांना ते मंदिर उघडले १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे मंदिराच्या गाभ्यातला टाळ शतकानुशतके ज्यांनी दाराबाहेरून ऐकला, त्यांच्यातले काही आता छपराखाली बसून तो स्वतः वाजवत होते. दुसरीकडे, ज्या जगाने दूर ठेवले त्याचाच सूर पुन्हा का, असे कोणाला वाटले असेल तर तेही समजण्यासारखे आहे. आणि त्यांच्या स्वतःच्या वाड्यांतली हलगी? खरा रांगडा आवाज तर तो. देशी सूर म्हणजे अभंग, हे समीकरण ठरले, तिथे हलगीला तितका मान मिळाला नाही. टिळकांची क्रांती मोठी होती, पण ती वारकरी अंगणापर्यंतच पोहोचली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

वऱ्हाडात हे चित्र थोडे वेगळ्या रंगात दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला केंद्र धरून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम या भागात पसरले. बुलढाण्याचा घाट उतरून मलकापूरच्या रेल्वेकडे जाताना वाटेत मोताळा लागते. या मुलखाच्या कानाला सवय खंजिरीची. याच वऱ्हाडातल्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) एका खंजिरीवर हजारोंच्या सभा डोलवल्या. चर्मवाद्य, एक हात, एक गळा. बाकी साज काही नाही. नगरचे टाळ-मृदंगाचे भजनही या कानांना त्यापुढे भरजरी वाटावे.

टिळकांनाही अखेरीस मिशनची चौकट अपुरी वाटू लागली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी.