स्नायू शिथिलक औषधांच्या आंतरक्रिया

स्नायू शिथिलक ही भूल देताना ऐच्छिक स्नायू तात्पुरते सैल करणारी औषधे होत. त्यांच्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणे व पोटाची शस्त्रक्रिया करणे सुकर होते. मात्र श्वसनाचे स्नायूही थांबत असल्याने रुग्णाला कृत्रिम श्वास द्यावा लागतो. अशी दोन औषधे एकत्र आल्यास, किंवा शरीरात आधीच एखादे रसायन असल्यास, त्यांचा परिणाम वाढतो, घटतो किंवा लांबतो. यास आंतरक्रिया म्हणतात.

प्रकार

सक्सिनिलकोलीन हे अ‍ॅसिटिलकोलीनप्रमाणे स्नायूंवरील ग्राहींना प्रथम उत्तेजित करते व मग स्नायू शिथिल करते. रक्तद्रवातील कोलीनेस्टरेज हे विकर त्याचे विघटन करते. म्हणून त्याचा परिणाम साधारणतः १० मिनिटांत ओसरतो. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम ही औषधे ग्राहींना उत्तेजित न करता केवळ अडवून धरतात.

परस्परांवरील परिणाम

दुसऱ्या प्रकारातील औषध अल्प मात्रेत आधी दिल्यास सक्सिनिलकोलीनचा प्रभाव घटतो व त्याची मात्रा वाढवावी लागते. याच प्रकारातील, परंतु भिन्न रासायनिक कुळांतील दोन औषधे, उदा. रोक्युरोनियम व अ‍ॅट्राक्युरियम, एकत्र दिल्यास परिणाम दोहोंच्या बेरजेहून अधिक होतो. शिथिलता उतरवण्यासाठी दिले जाणारे निओस्टिग्मिन कोलीनेस्टरेजलाही रोखते. त्यामुळे त्यानंतर लगेच दिलेल्या सक्सिनिलकोलीनचा परिणाम लांबतो.

कीटकनाशके

मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकेही हेच विकर निष्क्रिय करतात. कपाशीवरील फवारणीत ती वापरली जात असल्याने अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी तालुक्यासह संपूर्ण वऱ्हाडात हा विषय महत्त्वाचा ठरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले होते. अशा विषबाधेतून वाचलेल्या रुग्णाच्या रक्तातील विकर पूर्ववत होण्यास काही आठवडे लागू शकतात. या काळात सक्सिनिलकोलीन दिल्यास काही मिनिटांची शिथिलता कित्येक तास टिकू शकते. हे विकर जन्मतः सदोष असलेल्या व्यक्तींनाही हाच धोका असतो.

दक्षता

अशा रुग्णांत सक्सिनिलकोलीन टाळून बहुधा रोक्युरोनियम वापरतात. चेतातंतूला सौम्य विद्युत उत्तेजन देऊन शिथिलता मोजता येते. स्नायूंची शक्ती परत येईपर्यंत कृत्रिम श्वसन चालू ठेवणे हाच मुख्य उपाय होय. म्हणून अलीकडे केलेली फवारणी, झालेली विषबाधा व चालू औषधे यांची माहिती शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञास देणे आवश्यक असते.