आकडा नसलेला परिच्छेद

उतारवयात संगणकावर मराठी लिहू लागलेल्या मंडळींना एक अनुभव हमखास येतो. क्रमांक घालून मुद्दे लिहायला घ्यावेत, पहिल्या मुद्द्याबद्दलच आणखी चार ओळी नव्या परिच्छेदात लिहाव्यात म्हणून एंटर दाबावे, तर संगणक तत्परतेने '२' हा आकडा पुढे करतो! नवा परिच्छेद म्हणजे नवा मुद्दा, अशी त्याची समजूत. आकडा बॅकस्पेसने पुसता येतो. शिफ्ट धरून एंटर दाबले तर नुसती ओळ तुटते, आकडा येत नाही. वर्डमध्ये अशा पुरवणी मजकुरासाठी 'लिस्ट कंटिन्यू' नावाची वेगळी शैलीच दिलेली आहे. युक्त्या तशा सोप्या आहेत. पण त्यामागचा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. आकड्याखाली बिनआकड्याचा मजकूर आला, तर तो कोणाचा धरायचा?

आपल्या पोथ्यांनी हा प्रश्न फारसा अडू दिला नाही. तिथे आकडा श्लोकाच्या शेवटी, दोन दंडांच्या मध्ये येतो. गीतेतले 'संजय उवाच', 'अर्जुन उवाच' आठवून पाहा. या ओळींना क्रमांक नाही, सातशे श्लोकांत त्यांची गणना नाही. पण त्या काढून टाकल्या तर कोण कोणाशी बोलतो आहे तेच कळणार नाही.

कायद्याच्या लेखनात मात्र या प्रश्नाने पुष्कळ घोळ घातला. इंग्लंडच्या संसदेचे जुने कायदे सलग लिहिलेले असत. प्रत्येक नवी तरतूद 'आणि आणखी असे अधिनियमित करण्यात येते की' अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होई. कायद्याची कलमांत विभागणी करावी आणि प्रत्येक कलमाला ही प्रस्तावना पुन्हा जोडण्याची गरज नाही, हे १८५० साली तिथे कायद्यानेच ठरवले. कलमे सुटी झाली, तरी त्यांना जोडलेल्या अटींचे आणि अपवादांचे काय? त्यांच्यासाठी 'परंतु' या शब्दाने सुरू होणारा परिच्छेद होताच. मराठीत त्याला आपण परंतुक म्हणतो. त्याला सहसा स्वतःचा आकडा नसतो. तो वरच्या कलमाच्या आधाराने राहतो आणि त्याच कलमाला लगाम घालतो.

आपल्या राज्यघटनेत अशी परंतुके जागोजागी आहेत. नमुना म्हणून तिसरा अनुच्छेद घेऊ. नवे राज्य निर्माण करणे, राज्याचे क्षेत्र वाढवणे, ते कमी करणे, सीमा बदलणे आणि नाव बदलणे, असे संसदेचे पाच अधिकार तिथे पाच खंडांत ओळीने दिले आहेत. त्याखाली बिनआकड्याचा परिच्छेद येतो. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येणार नाही, आणि त्यामुळे एखाद्या राज्याचे क्षेत्र, सीमा किंवा नाव यांवर परिणाम होणार असेल तर राष्ट्रपतींनी ते आधी त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागवण्यासाठी पाठवले पाहिजे. हे मत ठरावीक मुदतीत द्यावे, ही सुधारणा १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने झाली.

आता हा परिच्छेद कागदावर कुठे बसवला आहे ते पाहा. तो पाचव्या खंडाच्या समासात, म्हणजे आत सरकवून छापला असता, तर ही अट फक्त नाव बदलण्यापुरती आहे असा वाचणाऱ्याचा समज होऊ शकला असता. तो बाहेरच्या समासाला आणला आहे, म्हणून पाचही खंडांवर त्याची सत्ता चालते हे नजरेलाच कळते. पुढे १९६६ च्या अठराव्या दुरुस्तीने याच अनुच्छेदाला दोन स्पष्टीकरणे जोडली. त्यांतल्या पहिल्यानुसार पाच खंडांत 'राज्य' या शब्दात केंद्रशासित प्रदेशही येतो, पण परंतुकात येत नाही. खंडांचा उल्लेख अक्षरांनी झाला, परंतुकाचा मात्र नुसता 'परंतुक' म्हणून. आकडा नसला तरी त्याला ओळख आहे ती अशी.

या बिनआकड्याच्या परिच्छेदावर आपल्याच राज्याचा एक खटला लढला गेला, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकात सुरुवातीला महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. विधिमंडळाकडे मतासाठी गेला तो हाच प्रस्ताव. संसदेत मात्र तो बदलला आणि विशाल द्विभाषिक मुंबई राज्य झाले. बाबुलाल पराते यांनी न्यायालयात दाद मागितली. द्विभाषिकाची कल्पना विधिमंडळापुढे आलीच नव्हती, म्हणून परंतुकाचा भंग झाला, असे त्यांचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने ते मानले नाही. ऑगस्ट १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. मूळ प्रस्ताव एकदा विधिमंडळाकडे गेला की अट पुरी होते, नंतर संसदेत झालेल्या प्रत्येक दुरुस्तीसाठी तो परत पाठवण्याची गरज नाही, असा निकाल लागला. रस्त्यावर ज्या प्रश्नासाठी माणसांनी प्राण दिले, तोच प्रश्न न्यायालयात एका परिच्छेदाच्या अर्थावर येऊन ठेपला होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तो लोकांच्या चळवळीमुळे. परंतुकाचा तो अर्थ मात्र तसाच कायम राहिला.

आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयाची नियमावली मध्यंतरी पुन्हा टंकलिखित करून घेतली. चौथ्या नियमात उशिराचा दंड होता आणि खाली 'मात्र आजारी सभासदास दंड माफ राहील' अशी ओळ. टंकलेखकाने तिला पाचवा क्रमांक दिला. पुढचे सगळे नियम एकेक घर सरकले आणि जुन्या पत्रांतले 'नियम सातनुसार' हे शब्द भलत्याच नियमाकडे बोट दाखवू लागले. शिवाय 'दंड माफ' म्हणजे कोणता दंड, असा वाद सभेत झाला तो वेगळाच.

टंकलेखकाला तरी दोष कसा द्यावा? वर्डच्या लेखी आकडा ही परिच्छेदाला जोडलेली खूण असते. एका मुद्द्यात दोन-तीन परिच्छेद नांदू शकतात, हे त्याला आपण सांगावे लागते. वेबपानांच्या एचटीएमएलमध्ये तशी सोय मुळातच आहे. तिथे यादीतला मुद्दा म्हणजे एक घर, त्यात हवे तेवढे परिच्छेद ठेवा, आकडा दारावर एकदाच.

तेव्हा पुढच्या वेळी नियम किंवा ठराव लिहाल, तेव्हा 'मात्र', 'परंतु', 'तथापि' यांनी सुरू होणारा परिच्छेद जरा थांबून पाहा. तो एकाच पोटमुद्द्याचा आहे की वरच्या सगळ्यांचा, हे आधी ठरवा आणि समास त्याप्रमाणे आत किंवा बाहेर घ्या. वाचनालयाच्या नियमावलीत ती ओळ आता चौथ्या नियमाखाली, बिनआकड्याची, परत गेली आहे. दंडाची पावती फाडणाऱ्याला ती तिथेच शोधायची असते.